ट्रेलला पाचपैकी पाच, सायकलच्या दुकानाला दोन: आयडाहोचा ट्रेल ऑफ द कोर डलेन्स

मागच्या जुलैत गेलो होतो आणि रिव्ह्यू लिहायचा लिहायचा म्हणून राहूनच गेला. परवा मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, "लहान मुलांना घेऊन जायला सपाट सायकल ट्रेल सुचवा, गाड्या नकोत, चढ नको", आणि धडाधड पाच जणांनी हाच सुचवला, फोटो टाकले, नदी, डोंगर, पाण्यात उभा असलेला मूस (तिथलं भलंमोठं हरीण), सगळं. त्या डांबराखाली काय आहे ते एकानेही सांगितलं नाही. म्हणून हा लांबलचक प्रपंच. घाबरवायला लिहीत नाहीये, आम्ही स्वतः परत जाणार आहोत, पण माहीत असून जाणं वेगळं आणि नसताना जाणं वेगळं.

आधी कामाची माहिती. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचा जो वरचा चिंचोळा भाग आहे ना, तिथे मलन नावाच्या खाणीच्या गावापासून प्लमरपर्यंत ७३ मैल, म्हणजे साधारण ११७ किलोमीटर, सलग डांबरी वाट, फक्त सायकली आणि चालणाऱ्यांसाठी. एके काळची युनियन पॅसिफिकची रेल्वेलाइन आहे ती, त्यामुळे चढ-उतार जाणवतच नाही, फक्त प्लमरच्या टोकाला कोर डलेन तळ्यापासून वर जाताना पायात गोळे येतात म्हणे, तो भाग आम्ही केला नाही. तिकीट नाही, बुकिंग नाही, हेबर्न स्टेट पार्कात गाडी लावलीत तर पार्किंगचे पैसे पडतात तेवढेच. सिअ‍ॅटलहून आय-९० हायवे धरून साडेपाच तास, स्पोकेनहून तासभर. मैलांचे दगड प्लमरकडून सुरू होतात, आम्ही उलटीकडून आलो त्यामुळे नवरा दिवसभर वजाबाक्या करत होता.

आम्ही चौघं. मी, नवरा, पाच वर्षांचा चिरंजीव आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई. आईंनी शाळेत असताना सायकल चालवली होती, त्यानंतर थेट आत्ता. त्यांच्यासाठी तीन चाकी घेतली आणि मला वाटलं होतं अर्ध्या मैलात थांबतील, कसलं काय, बाई पुढे आणि आम्ही मागे.

पहिल्या दिवशी वॉलेस ते केलॉग, साधारण अकरा मैल, आणि त्या दिशेने हलका उतार असल्यामुळे सायकल आपसूक जाते. वॉलेसहून सुरू करा असं मी सांगेन. गाव एवढंसं आहे, जुन्या विटांच्या इमारती, अख्खं डाउनटाउन ऐतिहासिक म्हणून राखलेलं. मात्र हा भाग बराचसा हायवेच्या कडेने जातो, ट्रकचा आवाज सतत, ज्यांना शांतता हवी त्यांनी खालचा भाग करावा, त्याबद्दल पुढे सांगते.

तर पहिला प्रश्न मला पडला तो असा की एवढ्या आडबाजूला एवढं गुळगुळीत डांबर कशाला? बाकी ठिकाणी जुन्या रेल्वेलाइनीचे ट्रेल असतात ते खडीचे, मुरुमाचे. इथे ७३ मैल डांबर आणि दोन्ही बाजूंना नीट खडीची पट्टी. ट्रेल सुरू होतो तिथल्या बोर्डवर वाचलं तेव्हा कळलं. हे डांबर मुळात सायकलसाठी टाकलेलं नाहीच. ते झाकण आहे.

झालं असं की ही सिल्व्हर व्हॅली. शंभरेक वर्षांत इथून चांदी, शिसं, जस्त इतकं निघालं की नुसती चांदीच शंभर कोटी औंसांच्या वर. खाणीतला दगड चुरून धातू काढून घेतला की उरतो तो चुरा. त्यात शिसं राहतंच, सुरुवातीच्या काळात तर भरपूर राहायचं कारण पद्धतच ढोबळ होती. हा चुरा वर्षानुवर्षं सरळ नदीत सोडला, १९६८ पर्यंत. कोर डलेन नदीच्या दक्षिणेकडच्या फाट्याचं नावच लोकांनी लेड क्रीक पाडलं होतं, म्हणजे शिशाचा ओढा. आणि रेल्वे बांधताना भराव घालायला काय वापरलं, तर हाच फुकटचा चुरा आणि खाणीतला दगड. वर परत गाड्यांतून सांडलेली खनिजाची पूड. रेल्वे बंद झाली तेव्हा उरली ती ७३ मैलांची शिशाची लाइन. सगळं खणून न्यायचं म्हटलं तर नेऊन टाकणार कुठे? मग जिथे फारच वाईट होतं ते उचललं आणि बाकीच्यावर डांबराचं झाकण घालून त्याचा ट्रेल केला, २००४ साली खुला झाला. डोकं लावलंय हे मान्य करावंच लागेल. ज्याने कोणी पहिल्यांदा मीटिंगमध्ये "आपण यावर सायकल ट्रॅक करू" असं सांगितलं असेल त्याच्याकडे बाकीच्यांनी कसं बघितलं असेल असं मला सारखं वाटत होतं.

मला या विषयाचं एवढं का लागलंय तेही सांगते. मुलगा दीड वर्षाचा असताना रुटीन तपासणीत रक्तातलं शिसं ४.१ आलं (मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे आकडेही त्यातच). इथे ३.५ च्या वर आलं की डॉक्टर फोन करतात. मला वाटलं जुन्या घराचा रंग असेल, पण आमचं घर नवीन. मग त्या नर्सने एकेक विचारायला सुरुवात केली, डोळ्यात काजळ घालता का, कुंकू कुठलं, मसाले भारतातून आणता का, हळद सुटी आणता का. हळद! वरणात, भाजीत, सर्दी झाली की दुधात, रोज. पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी हळदीत लेड क्रोमेट मिसळतात हे मला तोवर माहीतच नव्हतं. आमच्या घरी एक सुट्या हळदीची पिशवी होती, ती टाकली, काजळ बंद केलं, लोहाची औषधं सुरू झाली (शरीरात लोह कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं) आणि आकडा हळूहळू उतरला. नक्की हळदच होती का, ते आम्ही तपासून घेतलं नाही. पण त्या चार पॉइंट एकने माझी दोन महिन्यांची झोप घालवली, त्यामुळे केलॉगचे आकडे वाचले तेव्हा मी ट्रेलच्या बाकावर बसूनच राहिले.

केलॉगमध्ये बंकर हिल कंपनीचा शिसं वितळवायचा कारखाना होता, १९१७ पासून. धुरातली शिशाची धूळ पकडायला मोठमोठ्या कापडी पिशव्यांची फिल्टरची इमारत असते. सप्टेंबर १९७३ मध्ये तिला आग लागली. आता कोणीही म्हणेल की फिल्टर दुरुस्त होईपर्यंत कारखाना बंद ठेवायचा, पण शिशाचे भाव तेव्हा चढे होते, कारखाना चालू ठेवला, कित्येक महिने धूर जवळजवळ तसाच बाहेर. १९७४ मध्ये मुलांचं रक्त तपासलं. तेव्हा धोक्याची रेघ ४० ला होती, आजच्यासारखी ३.५ ला नाही, आणि कारखान्यापासून मैलभरात राहणारी जवळजवळ सगळी मुलं त्या ४० च्या वर निघाली. एका लहान मुलीचं १६४. मी चार पॉइंट एकला रडत होते.

आणि याच्याही पुढचं म्हणजे, पुढे कोर्टात जे कागद बाहेर आले त्यात कंपनीच्या मालकांकडच्या एका अधिकाऱ्याचं टिपण होतं. टेक्सासमधल्या एल पासोला असंच शिशाचं प्रकरण झालं होतं, तिथल्या दराने आपल्याकडची ५०० मुलं धरली तर किती भरपाई द्यावी लागेल, असा हिशेब. साठ-सत्तर लाख डॉलर. वाण्याच्या दुकानात उधारी मांडतात तशी मुलं मांडली होती. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो काही बोललाच नाही, मुलाच्या हेल्मेटचा पट्टा उगीच परत घट्ट केला.

कारखाना १९८१ च्या शेवटी बंद पडला, गावातल्या दोनेक हजार माणसांची नोकरी एका फटक्यात गेली. म्हणजे आधी विष आणि मग बेकारी. १९८३ मध्ये सरकारने सुपरफंड यादीत घातलं, म्हणजे देशातल्या सगळ्यात वाईट प्रदूषित जागांची यादी, सुरुवातीला २१ चौरस मैल आणि पुढे वाढवत नेत पार तळ्यापलीकडे. मूळ मालक कंपनीने नव्वदच्या दशकात दिवाळं काढलं, बाकीच्या खाण कंपन्यांकडून पैसे वसूल व्हायला आणखी पंधरा-वीस वर्षं लागली. १९९६ मध्ये कारखान्याच्या दोन उंच चिमण्या पाडल्या, एक ७१५ फुटी. आता केलॉगमध्ये काय आहे, तर गोंडोला (रोपवे) आहे, वॉटर पार्क आहे, कॉन्डो आहेत. डोंगर हिरवेगार. एके काळी धुराने हेच डोंगर बोडके झाले होते, आणि झाडं परत लावायची तर रोपं कुठे वाढवली, तर खाणीच्या आत! खोल खाणीत ऊब असते, तिथे दिवे लावून पाइनची रोपं वाढवली. ज्या खाणीने डोंगर बोडका केला तिच्याच पोटात. हे आईंना फार आवडलं, त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

गावकऱ्यांना स्वतःवर हसता येतं हेही सांगायला हवं. १८८५ मध्ये नोआ केलॉग नावाच्या माणसाचं गाढव चुकलं, शोधायला गेला तर ते चकाकणाऱ्या दगडापाशी उभं, अशी दंतकथा आहे. त्यावरून गावाबाहेर बोर्ड लावला होता की हे गाव एका गाढवाने वसवलं आणि इथे त्याचेच वंशज राहतात. गाढवाला गुळाची चव नसेल, चांदीची होती.

आता ट्रेलच्या नियमांकडे येते कारण मुलं घेऊन जाणाऱ्यांसाठी हेच महत्त्वाचं. बोर्डवर स्पष्ट लिहिलंय: डांबर सोडून जाऊ नका, नदीकाठच्या मातीत मुलांना खेळू देऊ नका, खायला फक्त पिकनिकच्या टेबलावर बसा, खाण्याआधी हात धुवा, नदीचं पाणी पिऊ नका, घरी जाताना बुटांची, कपड्यांची, खेळण्यांची, कुत्र्याची माती झाडून काढा. मी हे मोठ्याने वाचत होते आणि आई ऐकत होत्या आणि शेवटी म्हणाल्या, "अगं मग आम्ही काय वेगळं सांगत होतो तुम्हाला? बाहेरून आल्यावर चपला बाहेर, हातपाय धुवा, जमिनीवर पडलेलं खाऊ नका." आमच्या घरी या विषयावरून पूर्वी थोडी धुसफूस झालेली आहे. म्हणजे मी त्यांना म्हणाले होते की इथे अमेरिकेत एवढं काही नसतं. तर त्या दिवशी मी गप्प बसले.

एक गोष्ट बोर्डवाल्यांनी सोयीस्कर विसरलीय. हात धुवा म्हणतात पण बऱ्याच ठिकाणी पाणीच नाही! संडास स्वच्छ आहेत, पण नळ नाही. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसं जागच्या जागी राहतं, ते साबण-पाण्यानेच जातं. आम्ही पाण्याची एक कॅन आणि साबण वेगळा नेला होता, टेबलापाशी आई तांब्याने ओततात तसं बाटलीने ओतत होत्या आणि आम्ही रांगेत हात धुत होतो, बाजूचं गोरं कुटुंब बघत होतं, मग त्यांनीही मागितलं. नंतर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं. त्यांना चटणी झेपली नाही.

धोका किती आहे खरंच? माझं मत, डॉक्टरचं नाही: एका दिवसाच्या सायकलिंगने काही होत नाही. शिसं कातडीतून फारसं आत जात नाही, ते तोंडातून जातं, आणि लहान मुलांचा हात सारखा तोंडात असतो आणि त्यांचं शरीर ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषतं, म्हणून सगळं लक्ष त्यांच्यावर. खरा प्रश्न जे तिथे वर्षानुवर्षं राहतात त्यांचा. त्यांच्या अंगणांतली वरची फूटभर माती काढून चांगली माती आणून टाकली, खोऱ्यात मिळून ७,००० च्या वर जागांमध्ये. पण खाली आहे ते आहेच. म्हणून तिथे कुणाला अंगणात खड्डा खणायचा, कुंपणाचे खांब रोवायचे, तरी आरोग्य खात्याचे नियम पाळावे लागतात, आणि निघालेली माती कुठेही टाकता येत नाही. मुलांची रक्ततपासणी तिथे मोफत करतात. केलॉगच्या बाजूच्या मुलांचे आकडे आता खूप खाली आलेत, काम झालंय यात शंका नाही, पण पूर आला, डांबराला भेग पडली, कोणी जेसीबी लावला, की परत बघा.

आता सायकलच्या दुकानाचं. नाव घेत नाही. ऑनलाइन बुक केलेला मुलाचा ट्रेलर (सायकलमागे लावतात तो) मिळाला पण त्याच्या आत आधीच्या गिऱ्हाइकाची वाळलेली चिखलमाती, सीटच्या पट्ट्यांवरसुद्धा. एरवी मी झटकून बसवला असता. इथे नाही. त्या मुलाला म्हटलं ओल्या कपड्याने पुसून दे, तर तो म्हणाला, "ते शिशाचं ना? ते सगळं कधीच साफ झालं, लोक उगाच घाबरतात," आणि झाडू आणला. कोरडा झाडू! म्हणजे होती ती धूळ हवेत. मीच बेबी वाइप्सचं अख्खं पाकीट संपवलं. चिडले होते, पण नंतर विचार केला की हा पोरगा इथलाच, जन्मल्यापासून हेच ऐकत असेल, बाहेरचा जो येतो तो शिशाचंच विचारतो, कंटाळणारच. तरी दोन स्टार. सायकली चांगल्या होत्या, आईंची तीन चाकी एकदम नवी, म्हणून दोन, नाहीतर एक.

दुसऱ्या दिवशी गाडीने खाली मेडिमाँटला गेलो आणि तिथून हॅरिसनपर्यंत आठ-नऊ मैल. एकच दिवस असेल तर हाच भाग करा. हायवे नाही, आवाज नाही, एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला तळी आणि पाणथळ, ऑस्प्रे पक्ष्यांची घरटी खांबांवर, एक मूस मादी पिल्लाला घेऊन पाण्यात मान घालून चरत होती, आम्ही दहा मिनिटं श्वास रोखून. हॅरिसन म्हणजे तळ्याकाठचं टुमदार गाव, तिथे सायकलवाल्यांची आइस्क्रीमसाठी रांग असते, रांगेत उभं राहा, वसूल आहे. वाडगा एवढा मोठा की आम्ही चौघांनी दोन घेतले आणि तरी उरलं.

पण हाच सुंदर भाग सगळ्यात कमी साफ झालेला आहे. वरून वाहून आलेला सगळा चुरा इथे या पाणथळीत बसलाय आणि पुढे तळ्याच्या तळाशी, कोट्यवधी टन. दर वर्षी वसंतात उत्तरेकडे जाणारे टुंड्रा हंस इथे उतरतात, पाण्याखालची मुळं-कंद उकरून खातात, त्यासोबत गाळ पोटात जातो आणि शिशाने मरतात. शंभर वर्षांपूर्वीही मरत होते, अजून मरतात. आम्ही जुलैत गेलो त्यामुळे हंस नव्हते. आणि ज्या कंदासाठी हंस येतात, तो पाणबटाटा, तोच इथल्या कोर डलेन आदिवासींचंही जुनं अन्न. त्यांना आता या भागात तो काढून खाता येत नाही. खाण कंपन्यांवर पहिला मोठा दावा १९९१ मध्ये या जमातीनेच लावला, तळ्याचा दक्षिणेकडचा तिसरा हिस्सा आमचा म्हणून सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २००१ मध्ये ती जिंकली, आणि ट्रेल आज राज्य आणि ही जमात मिळून सांभाळतात. पश्चिमेकडचा भाग त्यांच्याच जमिनीतून जातो. तिथल्या पाट्या नीट वाचा, घाईत पुढे जाऊ नका.

बाकी बारीकसारीक. पंक्चरचं किट न्या, मधल्या भागात दुकान नाही. फोनला रेंज नाही. जुलैत दुपारी ऊन चांगलंच, सावली कमी, सकाळी आठला सुरू करा. मुलांना जास्तीचे कपडे आणि दुसरे बूट गाडीत ठेवा, ट्रेलवरचे बूट पिशवीत बांधून टाका, आम्ही तेच केलं. कपडे घरी येऊन वेगळे धुतले.

आणि धुतानाच हा प्रकार. मशीनमध्ये टकटक आवाज यायला लागला, उघडलं तर चिरंजीवांच्या चड्डीच्या खिशातून एक दगड. करडा, जड, एका बाजूने आरशासारखा चकाकणारा. मी दोन दिवस त्याच्यावर डोळ्यात तेल घालून होते आणि याने हा उचलला कधी मला आजतागायत कळलेलं नाही, विचारलं तर म्हणतो "मूसजवळ". म्हणजे आम्ही श्वास रोखून होतो तेव्हा साहेब खाली वाकले होते. मशीन दोनदा रिकामं फिरवलं. दगड झिपलॉकमध्ये घालून, त्यावर परत झिपलॉक, गॅरेजच्या वरच्या फळीवर ठेवलाय. कचऱ्यात टाकवत नाही, अंगणात तर नाहीच नाही, आणि तो रोज विचारतो माझा दगड कुठाय. कोणाला माहीत असेल तर सांगा याचं काय करायचं.